पुलांचं शहर, पायऱ्यांचं शहर

मिस्त्रींनी पेनाचं टोपण तिसऱ्यांदा काढलं आणि तिसऱ्यांदा परत बसवलं. समोर फॉर्म होता. त्याच्या एका बाजूला वहिनींनी दिलेला चहा, दुसऱ्या बाजूला ताईंनी दिलेला. दोन्ही कप एकाच ओट्यावरच्या दोन वेगळ्या शेगड्यांवरून आले होते. एक आधी संपवला तर दुसरीचा अपमान, म्हणून मिस्त्री आलटून पालटून घोट घेत होते.

"एकाच शहरापुढे खूण करायची आहे," ते म्हणाले. "आणि आज शेवटचा दिवस."

मिस्त्री कामाला होते तो कारखाना वजनकाटे बनवायचा आणि दुरुस्त करायचा. तीस वर्षं काम केलेला माणूस नोकरीत असतानाच गेला, तर मालक त्याच्या घरच्या दोघांना तीन दिवसांच्या सहलीला पाठवत. कारखान्याची विश्रामगृहं दोन शहरांत होती, त्यांतलं एक निवडायचं. मिस्त्रींच्या कामावरच्या जोडीदाराला जाऊन आठ महिने झाले होते. मागे राहिल्या या दोघी, त्याची बायको आणि त्याची थोरली, बिनलग्नाची बहीण. सख्य विळ्या-भोपळ्याचं. सव्वीस वर्षं एका घरात राहून दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत. तो होता तोवर निरोप त्याच्यामार्फत जायचे, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात. आज ती हमाली मिस्त्रींच्या वाट्याला आली होती.

"वन्संना सांगा," वहिनी म्हणाल्या, "पुलांच्या शहरात जायचं. ह्यांचा जीव होता त्या शहरावर. दर महिन्याला तीन दिवस तिथंच असायचे कामाला. सात पूल आहेत, चौथ्यावर उभं राहिलं की बाकीचे सगळे दिसतात. मला कितीदा तरी सांगितलंय."

ताई भिंतीकडे बघत होत्या.

"हिला सांगा, माझा भाऊ कामाला जायचा तो डोंगरातल्या शहरात. तिथं रस्ते नाहीतच, सगळ्या पायऱ्या. अर्ध्या वाटेवर एका म्हातारीच्या दुकानात बसून तो दम खायचा. पूलबील त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही."

"म्हणजे बायकोला ठाऊक नाही आणि बहिणीला ठाऊक."

"कडेवर घेऊन वाढवलंय मी त्याला. ही कानामागून आली आणि तिखट झाली."

मिस्त्रींना इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी डावीकडचा घोट घेतला. खरं तर वाद सहलीचा नव्हताच, हे त्यांनाही कळत होतं. गेलेला माणूस खरं कोणापाशी बोलायचा, याचा होता. जिचं शहर कागदावर उतरेल तिचा तो ठरणार होता, आणि दुसरीनं एवढी वर्षं परक्या माणसाचे कपडे धुतले असं होणार होतं.

वहिनी आत जाऊन एक साबणाची वडी घेऊन आल्या. वरचा कागदही काढलेला नव्हता.

"हे तिकडून आणलेलं. शेवटच्या खेपेचं."

"साबण कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो," ताई म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या मांडीवरचं अर्धवट विणकाम वर धरलं. "ही लोकर बघा म्हणावं. डोंगरातली आहे."

"मेंढ्या काय फक्त डोंगरातच चरतात?"

"तिला सांगा, त्याला सुख कसलं ते माहीत नव्हतं. हिच्या कटकटीनं गेला तो."

"आणि ज्यांनी लग्नापासून एक घास सुखानं गिळू दिला नाही, त्यांनी हे बोलावं. मिस्त्री, तुम्ही बरोबर असायचात ना? सांगा एकदाचं. कुठं जायचे ते?"

"हो, सांगाच," ताई म्हणाल्या. सव्वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं.

मिस्त्रींनी पेन खाली ठेवलं.

"मी बरोबर नव्हतो. म्हणजे तोच नव्हता. बाहेरगावचं काम मी एकटा करायचो, दोन्ही शहरांचं. मला वाटलं, एव्हाना तुम्हाला माहीत असेल. घरी सांगून टाकीन म्हणाला होता."

"मग ते कुठं असायचे?"

"कारखान्यामागं एक खोली आहे. पूर्वी वॉचमन राहायचा ती. मी फिरून आलो की याचे तीन दिवस सुरू व्हायचे."

इथून कारखाना बसनं वीस मिनिटांवर होता. दर महिन्याला वहिनी बॅग भरून द्यायच्या आणि ताई वाटेसाठी डबा.

"पूल किती, पायऱ्या कशा, दुकानात कोण बसतं, सगळं मला विचारून घ्यायचा," मिस्त्री म्हणाले. "साबण, लोकर मीच आणायचो, त्यानं सांगितलं म्हणून."

"पण हिला एक शहर आणि मला दुसरं, हे कशाला?" ताईंनी विचारलं.

"मीही विचारलं होतं. म्हणाला, दोघींना एकच सांगितलं तर त्याच्यावरूनही भांडतील. आपापलं एकेक असू दे."

ताईंच्या सुया थांबल्या होत्या. वहिनींनी साबण पदराखाली घेतला, जणू तो कोणी हिसकावून नेणार होतं.

"त्या खोलीत," वहिनींनी सावकाश विचारलं, "आणखी कोणी असायचं का?"

विचारलं वहिनींनी, पण मान ताईंनीही वर केली. तसं असतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर दोघींना वाटलं. सगळा दोष नेऊन ठेवायला तिसरी मिळाली असती.

"छे हो. एक खाट आणि एक खुर्ची, झालं."

"मग करायचे काय?"

"झोपायचा." आता काही तरी चांगलं सांगता येतंय, म्हणून मिस्त्रींचा चेहरा जरा मोकळा झाला. "काम सुटलं की जायचा आणि ढाराढूर झोपायचा. सकाळी मी दार बडवायचो तेव्हा कुठं उठायचा. असा झोपाळू माणूस पाहिला नाही मी."

घरी त्याला झोप लागत नसे. लग्नानंतर लागेनाशी झाली आणि मग लागलीच नाही. वहिनी तळपायाला तेल चोळायच्या, ताई कोमट दूध पाठवायच्या, आणि तेलानं गुण येतो की दुधानं, यावर दोन खोल्यांतून जुंपायची. तो मधे डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा. डॉक्टर म्हणाले होते, काही काही माणसांचा पिंडच तसा असतो.

मिस्त्रींनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना.

वहिनी ताईंकडे वळल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "त्यांना झोप यायची, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," ताई म्हणाल्या. "तुला?"

वहिनींनी नुसती नकारार्थी मान हलवली.