धरणारी मावशी

"चावू दे हो त्याला. तुम्ही सुई घाला," मावशी म्हणाली.

पोराचे दात तिच्या हातात रुतले होते. डॉक्टरबाईंनी पोटरीत सुई घातली, पोर किंचाळलं, दात सुटले, काम झालं. मुलांच्या इस्पितळातल्या या खोलीत मावशीला एकच काम होतं, पोरं धरायची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, हातपाय ताठरलेली ही पोरं. त्यांचे स्नायू सैल पडावेत म्हणून ही इंजेक्शनं. आई समोर बसून पोराला बोलण्यात गुंतवायची आणि मावशी मागून त्याला आवळून धरायची. तिच्या पकडीतून कुणी निसटल्याचं ऐकिवात नव्हतं. बाजारात दिसली की तिची ही गिऱ्हाइकं आयांच्या मागे दडत. "आली बघ कैदाशीण!" मावशी स्वतःच म्हणायची आणि हसायची. कुणीतरी वाईट व्हावंच लागतं. तिला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नव्हतं, कारण घरी ठकी होती.

ठकी म्हणजे तिच्या लेकीची मुलगी. तिचंही दुखणं तेच. पाय लाकडासारखे ताठ, कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, टाचा कधी जमिनीला न टेकलेल्या. येणारे शब्द दोन-चार, त्यातला एक 'आज्जी'. पण त्याच ताठ पायांवर, नुसत्या चवड्यांवर, खिडकीचे गज धरून ती उभी राहायची. संध्याकाळी मावशी वळणावर दिसली की उभ्या उभ्या गज हलवायचा प्रयत्न करायची. ती खिडकी दिसली की मावशी दिवसभराचं चावणं-ओरबाडणं विसरून जायची.

इंजेक्शनचा हट्ट मावशीचाच. लेक तयार नव्हती.

"उभी राहतेय ना ती? मग कशाला उगाच हात लावायचा?"

"आज राहतेय. उद्या मोठी झाली, पाय आणखी आखडले, मग? कपडे बदलताना तुझी कंबर मोडते ती वेगळीच."

"आणि बिघडलं तर?"

"रोज बघते मी. माझ्यावर सोड गं."

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की पोर त्या ताठपणाच्या आधारानेच उभं राहत असेल तर पाय सैल पडल्यावर उभं राहणं जाऊ शकतं. मग व्यायाम करावा लागेल, आणि त्याचीही हमी नाही. मावशीने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

ठकीच्या इंजेक्शनच्या दिवशी लेकीला बघवेना, म्हणून ती दाराबाहेर बसली. "मावशी, आज दुसऱ्या कुणाला धरू द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"छे! दुसऱ्याच्या हातून हलेल, पोरीला दोनदा टोचावं लागेल."

आणि नेहमीची रीत मोडून मावशी मागे न बसता समोर बसली. आपलं तोंड दिसलं की ठकी घाबरणार नाही, असा तिचा हिशोब. ठकी खरंच हसली. "आज्जी," म्हणाली. मग मावशीने तिचे गुडघे दाबून धरले. प्रत्येक सुईला ठकी ओरडली आणि प्रत्येक वेळी आजीच्या तोंडाकडेच बघत राहिली.

औषधाला गुण आला. पाय लोण्यासारखे मऊ झाले, टाचा टेकल्या, कपडे बदलणं चुटकीसरशी होऊ लागलं. आणि गज धरून उठायला गेलेली ठकी मुडपून खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. मग तिने गज धरायचंच सोडून दिलं. लेक व्यायाम करून घेत होती, पट्ट्या बांधत होती. मावशीने हात पुढे केला की मात्र ठकी काळीनिळी होऊन रडायची. 'आज्जी' हा शब्दच तिच्या तोंडातून गेला.

"तुझे हात कशासाठी आहेत ते कळलं तिला," लेक म्हणाली. "आता लांब राहा."

मावशी लांब राहिली. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, तिने नातीच्या पायावर पाडला होता. ती मागच्या दाराने येऊ-जाऊ लागली, आणि ठकी झोपली की तिचं तोंड बघून घेऊ लागली.

काही महिन्यांनी औषधाचा अंमल ओसरला. पाय थोडे आखडले, पण ठकी उभी राहायचं नाव घेईना. "उभी राहिली नाही तर खुब्याचं हाड सरकेल," डॉक्टरबाईंनी लेकीला बजावलं. लेकीने गोडीगुलाबीने सांगितलं, खेळणी दाखवली, ओरडूनही पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एका संध्याकाळी मागच्या दाराला आतून कडी होती. मावशी इस्पितळाचा हिरवा अ‍ॅप्रन न काढताच पुढच्या दाराने आली. लेक ठकीला खिडकीशी टेकवून धरत होती. ठकीने आजीला पाहिलं आणि तिचं सगळं अंग ताठ झालं. पाय ताणले, चवडे जमिनीत रोवले गेले, बोटांनी मागचे गज आवळले. लेकीने हळूच हात काढून घेतले. ठकी उभी होती.

मावशीला रडू फुटलं. ती घाईघाईने वळली, तशी ठकी खाली घसरली.

"आई," लेक म्हणाली. "परत ये."

"घाबरते गं ती."

"घाबरते म्हणूनच उभी राहते. मी काय करायचं बाकी ठेवलंय? उद्यापण ये. हाच अ‍ॅप्रन घालून."

आता रोज संध्याकाळी मावशी पुढच्या दारात येऊन थांबते. उंबरा ओलांडत नाही. खिडकीला पाठ लावून ठकी तिच्याकडे टक लावून उभी असते. थोड्या वेळाने तिचे पाय थकतात, गुडघे वाकायला लागतात.

"आई, हात," लेक म्हणते.

मावशी दोन्ही हात पुढे करते, आणि ठकी पुन्हा ताठ उभी राहते.