बाटलीतला बिगोनिया

"पेशंटला भेटायचंय," बाबांनी गेटवरच्या वॉचमनला ठणकावून सांगितलं.

"आजोबा, हा दवाखाना नाही. इथे बाटल्यांत रोपं वाढवतात."

"तेच म्हणतोय मी. आमचं रोप आत अ‍ॅडमिट आहे. सूनबाईला बोलवा!"

सूनबाई टोपी-मास्कसकट धावत आली. टिश्यू कल्चरच्या या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि सासरे एक दिवस इथे येऊन थडकणार याची तिला धास्ती होतीच. सासूबाई गेल्यावर बाबांनी त्यांच्या लाडक्या बिगोनियाची जबाबदारी अंगावर घेतली होती. जन्मात कधी कुंडीला हात न लावलेला माणूस! सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी बायकोची आठवण आली म्हणून पाणी. रोप मुळासकट कुजलं. एकच पान धड उरलं, ते सूनबाईने इथे आणलं आणि त्याचे तुकडे करून बाटल्यांत लावले. "तिचं झाड मी मारलं," म्हणत बाबा त्या दिवशी जेवलेसुद्धा नव्हते.

आता तिने एक बंद बाटली दारापाशी आणून दाखवली. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"हे काय? याला तर दाढी आलीय!"

खरंच, पानाच्या तुकड्याला पांढऱ्या मुळांचा झुबका फुटला होता. कोंबाचा मात्र पत्ता नव्हता.

"बाबा, झाडात दोन तऱ्हेचे रस असतात. एक म्हणतो मुळं धर, दुसरा म्हणतो कोंब काढ. दोघांचं जमलं तर गाडं पुढे सरकतं. आपल्या बाटलीत मुळंवाल्याचंच फार चाललंय."

"म्हणजे माझ्यासारखंच," बाबा म्हणाले. "मी एकदा खुर्चीत बसलो की बसलो. उठा, चला, हलवा जरा हातपाय, हे म्हणणारी ती होती." मग घसा खाकरून म्हणाले, "तो दुसरा घाल की मग. बाजारात मिळतो का?"

"मिळतो की. शहाळ्याच्या पाण्यात असतो."

बाबांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. "शहाळ्याच्या?"

"हो. उकळून, गाळून रोपाच्या खाद्यात घालायचं. का हो?"

"कुठे काय! सहज विचारलं," म्हणत बाबा चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीभर शहाळी घेऊन हजर. नेमके प्रयोगशाळेचे साहेब समोर आले आणि भडकले. "इथे काय शहाळ्यांचं दुकान टाकायचंय? घरची कामं इथे चालणार नाहीत!" बाबांनी एक शहाळं फोडून त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ते संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "बाटल्या मागच्या रॅकवर ठेवा. मला दिसता कामा नयेत."

सूनबाईने शहाळ्याचं पाणी रोपाच्या खाद्यात घातलं, आणि मग वाट बघणं सुरू झालं. सूनबाईने घरात पाऊल टाकलं रे टाकलं की खुर्चीतून आवाज यायचा, "काही?"

"नाही बाबा."

मध्येच एका बाटलीत बुरशी शिरली, मग दुसरीत, मग तिसरीत. अशी एकेक बाटली गेली, आणि दर वेळी बाबांनी घरातलं माणूस गेल्यासारखी अंघोळ केली. शेवटी एकच बाटली उरली. तिच्याबद्दल विचारायचंही त्यांनी सोडून दिलं. त्यामुळे एक दिवस सूनबाईने स्वतःहून फोन करून त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा वाईट बातमीच्या तयारीने ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

पानाच्या कडेला मोहरीएवढे हिरवे ठिपके होते.

"कोंब?"

"कोंबच!"

"तरीच!" बाबा एवढ्याने ओरडले की वॉचमन उठून उभा राहिला. "म्हणजे मला वाटलं तेच बरोबर होतं! अगं, डॉक्टरांनी पित्तासाठी मला रोज शहाळं सांगितलं होतं. मला ती चव बिलकूल सोसत नाही. ती पेला भरून द्यायची, आणि तिची पाठ वळली की मी तो कुंडीत ओतायचो. वर्षानुवर्षं! आणि ती मिरवायची, माझ्या हाताला गुण आहे म्हणून! कसला हात? गुण माझ्या शहाळ्याचा!"

कुंडीच्या मातीत पेला ओतून असं काही होत नाही, हे सूनबाईला पक्कं ठाऊक होतं. पण इतक्या दिवसांनी हसलेल्या माणसाला ते सांगायचं तिच्या जिवावर आलं.

तेवढ्यात बाबांचंच हसू मावळलं. "फसवलं गं मी तिला. मी औषध घेतोय या समजुतीत गेली बिचारी."

"आईंना माहीत होतं, बाबा."

"काय?"

"कुंडीला मुंग्या लागायच्या ना, गोड पाण्याने. मला म्हणाल्या होत्या, पीत नाहीत तर नाहीत, त्या निमित्ताने खुर्चीतून उठतात तरी."



"आणि तरी रोज आणायची?"

"रोज."

संध्याकाळी सूनबाईने न विचारताच शहाळ्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाबा उठून खिडकीतल्या रिकाम्या कुंडीपाशी गेले. सवयीने त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग कडू काढा घ्यावा तसं तोंड करत पेला घटाघटा संपवला, आणि कुंडीवर उलटा धरला. एक थेंबसुद्धा पडला नाही.