घरच्या नारळाची किंमत

नारळाची वाटी खवणीवर दोनदा फिरायची आणि थांबायची, पुन्हा दोनदा, पुन्हा थांबायची... आणि प्रत्येक थांबण्यासरशी हेमालीची पेन्सिल वहीवर अडायची. सासूबाईंचा हात दुखतोय का? की नुसताच दम खातायत? परवापर्यंत आपलं कधी लक्षच गेलं नव्हतं, आणि आता त्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकूच येईना.

दुपारी तिचा नवरा केतन येणार, कागद घेऊन श्रीवर्धनला बँकेत जाणार. वादळात माड पडून वाडीत मोकळी झालेली जागा तशीच आहे, तिथे भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी आणखी दोन खोल्या बांधायच्या. कर्जासाठी वर्षाचा जमाखर्च हवा, त्यात नफा दिसायला हवा. आणि नफा होता की! तिने स्वतः काढला होता, पुन्हा पुन्हा बेरीज करून — मग परवा कशाला तडमडायला गेले मी बचत गटाच्या त्या शिबिराला?

शिबिरातल्या प्रणाली मॅडमचा आवाज गोड, प्रश्न मात्र नको तिथे. वही चाळून म्हणाल्या, हे सगळीकडे ‘घरचं’ काय आहे? नारळ घरचे, कोकम घरचं, स्वयंपाक घरचा, आणि रकमेच्या जागी नुसती रेघ. दिवेआगरात सगळेच असं लिहितात, त्यात विचारायचं काय? पण मॅडमचं म्हणणं, तोच नारळ विकला असता तर पैसे आले असते ना, मग तो फुकट कसा? स्वयंपाकाला बाहेरची बाई ठेवली तर तिला पगार द्यालच, मग तोही लिहा. नाहीतर धंदा स्वतःच्या पायांवर उभा आहे की कुणाच्या खांद्यावर बसलाय, हे कधी कळायचंच नाही.

नारळ लिहिले, कोकम लिहिलं. नफा जरा आटला, पण बरं वाटलं, आपण काहीतरी शहाण्यासारखं करतोय असं. मग स्वयंपाकाची ओळ. वरच्या आळीतल्या हॉटेलात बाई आहे, तिचा पगार ठाऊक होता. तो लिहिला, वर्षाचा केला, वजा केला... आणि नफा गेला. साफ गेला.

खोडावं का? केतनला काय कळणार आहे, बँकेला तर त्याहून नाही. खोल्या झाल्या म्हणजे पाहुणे दुप्पट, मोदक दुप्पट, आणि मोदक सासूबाईंच्याच हातचे हवेत. फोनवर आधी तेच विचारतात मेले — आजी आहेत ना? आहेत, कुठे जातायत... हे मीच म्हणते, हसून हसून. पण मला त्या खोल्या हव्यात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून हवंय, यात माझं काय चुकलं?

खवणी थांबली होती.

“आई,” तिच्या तोंडून निघूनच गेलं, “तुमचा पगार किती लिहू?”

जनीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. “घरच्या मानसाला कसला गो पगार? लिवतात का कुठं?”

हेमालीही हसली. एकदम सुटल्यासारखं झालं. चला, त्यांनाच नको तर आपण कशाला उगाच जिवाला लावून घ्या. तिने खोडरबर उचललं. वाटी पुन्हा फिरू लागली, आणि थांबली.

“लिवनारच असशील,” जनीबाई खाली बघतच म्हणाल्या, “तर सोमवारची सुट्टी लिव.”

आता हसू येईना. सोमवारच का? रविवारचे पाहुणे सोमवारी नाश्ता करून जातात, मग चादरी, मग भांड्यांचा ढीग... कुठे जायचं असेल त्यांना, की नुसतं पडून राहायचं असेल? केव्हापासून मनात धरून बसल्या होत्या? विचारावंसं वाटत होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती. पगाराचा आकडा काय, एका हाताने पुसता आला असता. हा सोमवार कुठून पुसायचा?

घरापुढच्या पाखाडीच्या वाटेवर केतनची मोटरसायकल वाजली. खोडरबर अजून हातातच होतं, घामाने ओलं झालेलं. हेमाली सासूबाईंच्या पुढ्यातल्या खवणीकडे बघत राहिली. सोमवारी तिथे आपल्याशिवाय दुसरं कोण बसणार, हे तिला ठाऊक होतं, आणि त्या बाईसाठी तर तिने वहीत रेघसुद्धा ओढलेली नव्हती.