सुगीच्या सणाचा कोंबडा

मित्रांनो, मी एक जून कोंबडा आहे. किती जून, तर आता मला चुलीवर चढवलं तर सरपण संपेल पण मी शिजणार नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. या वयाला पोचलेले कोंबडे आमच्या जत तालुक्यात फार नाहीत आणि जे आहेत त्यांना कुणी लिलावात एवढ्या वेळा विकत घेतलेलं नाही.

माझा जन्म हरणाबाईच्या घरी, ज्वारीच्या कडब्यामागे, अंड्यांवर बसलेल्या एका खुडूक कोंबडीखाली झाला. भावंडं बरीच होती. काही घारीनं नेली, काही पाहुण्यांनी. मी उरलो, कारण माझा तुरा लवकर तांबडा झाला आणि हरणाबाई म्हणाली, "ह्यो ऱ्हाऊ दे. ह्येच्यावर वेळ कळंल."

त्या दिवसापासून मी नोकरीला लागलो. गावाला मी उठवायचो. रविवारी पहिल्या उपासनेची घंटा वाजायच्या आधी मी वाजायचो. आमचं चर्च लहान आहे, पण त्यात माझ्या घराण्याला मान आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, शास्त्रवाचनात शिष्य प्रभूला नाकारतो आणि कोंबडा आरवतो तेव्हा सगळी मंडळी खिडकीतून माझ्याकडे बघतात. त्यांच्यातल्या कुणाचाही पूर्वज शास्त्रात नाही. पुढे प्रत्येकाच्या उशाला मोबाइल आला आणि मला कुणी विचारेना. पोरं मला दगड मारून म्हणायची, "गप रं, अलार्म लावलाय." मी आरवत राहिलो. हरणाबाईकडे मोबाइल नव्हता.

आता हरणाबाईबद्दल सांगतो. ती विधवा, एकटी, दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाणारी. पण मंडळीत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी ती पोचायची, हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं घेऊन. नुसतं माडगं नव्हे, सोबत दोन शब्दही. पास्टर रोहन सांगलीहून नवे आले, तेव्हा पहिल्या उपदेशात त्यांना घाम फुटला आणि शेवट सापडेना. बाहेर पडताना हरणाबाईनं त्यांचा हात धरला. "लय झ्याक बोललासा. निम्मं कळलं न्हाई, पर झ्याक बोललासा." पास्टर म्हणतात, "त्या वाक्यावर मी अजून टिकून आहे."

एका उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं हरणाबाईच्या घरावरचे पत्रे उडवून ओढ्यापलीकडं टाकले. तिनं भिंतीवर निळी ताडपत्री बांधली आणि मंडळी मदतीला आली तेव्हा चहा पाजून वाटेला लावली. "मला काय झालंय? माजं भागतंय. ज्येला न्हाई त्येला द्या."

सुगीचा सण जवळ आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या सणाला प्रत्येक घर आपल्या पिकातलं पहिलं चर्चमध्ये आणतं. ज्वारीची कणसं, भोपळे, डाळिंबं, बेदाणे, अंडी. उपासना संपली की त्यांचा लिलाव होतो. रीत अशी, की ज्यानं बोली जिंकली त्यानं पैसे भरायचे आणि मनात आलं तर वस्तू "देवाला परत" म्हणून पुन्हा लिलावाला द्यायची. एकच भोपळा दिवसभर विकला जातो आणि सरतेशेवटी कुणाच्या तरी डोक्यावरून घरी जातो. व्यापारात याला वेडेपणा म्हणतात.

हरणाबाई बागेत गेलेली बघून चर्चच्या पंचांनी सभा घेतली आणि ठरवलं, यंदाच्या सणाचं सगळं दान तिच्या पत्र्याला द्यायचं. तिला आधी सांगितलं तर ती येणारच नाही. म्हणून पास्टरांनी रविवारी एवढंच जाहीर केलं, "यंदाचं दान एका गरजू कुटुंबासाठी आहे. नाव गुप्त ठेवलं आहे."

गुप्त म्हणजे हरणाबाई सोडून सगळ्यांना ठाऊक.

त्या आठवड्यात हरणाबाईला चैन पडेना. महिला मंडळाच्या सोनियाबाई, शाळेत शिक्षिका, त्यांना तिनं रस्त्यात गाठलं. "बाई, कोन हाय वो ती बिचारी?"

"असंल कुनीतरी," असं म्हणून सोनियाबाई चप्पल नीट करू लागल्या. चप्पल नीटच होती.

घरी ताडपत्रीखाली बसून हरणाबाई त्या अनोळखी कुटुंबासाठी रोज प्रार्थना करायची. "देवा, माज्या डोक्यावर निदान ताडपत्री हाय. त्येंचं काय आसंल?" मी खुंटीवरून ऐकत होतो. मला बोलता आलं असतं तरी बोललो नसतो. पंचांचा निर्णय होता.

सणाच्या सकाळी तिनं माझे पाय धुतले, पायाला दोरी बांधली आणि मला काखेत घेतलं. घरात तिच्याशिवाय जिवंत असा मीच होतो. "त्येंच्या उपेगी पड," ती म्हणाली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मंडळीसमोर मान ताठ ठेवली.

लिलाव मानसिंग करायचा. एरवी तो जनावरांच्या बाजारात दलाल. सहा दिवस भाव पाडतो, सणाच्या दिवशी चढवतो. त्यानं मला वर धरलं. "बघा गड्यांनो, असला तुरा जिल्ह्यात न्हाई." हे त्यानं खरं सांगितलं.

पहिली बोली आप्पासोची. आप्पासो फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात कारखान्याच्या गेटवर नोकरी करतो, सणाला न चुकता गावी येतो. त्यानं मला घेतलं आणि लगेच म्हणाला, "देवाला परत." मग सोनियाबाईंनी घेतलं. परत. मग हरणाबाई ज्याच्या बागेत जाते त्या डाळिंबवाल्यानं. परत. दर वेळी माझा भाव चढत गेला. मी छाती काढली. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या आरवण्याची कदर आज होत आहे.

हरणाबाईही खूश होती. मग तिनं पदराची गाठ सोडली आणि हात वर केला. "माजीबी बोली धर."

मानसिंगनं तिची बोली पुकारलीच नाही. बाजारात त्यानं कुणाचीही बोली सोडलेली नव्हती.

"का रं मानसिंग? त्या बिचारीसाठी मी दिऊ नगं व्हय? का मजुराची बोली चालत न्हाई?"

मानसिंगनं पास्टरांकडे पाहिलं. पास्टरांनी घाम पुसला आणि अगदी हळू सांगितलं, "हरणाबाई, ते कुटुंब तुमचंच आहे."



"म्हंजे ती बिचारी मीच?" हरणाबाईनं गाठ पुन्हा बांधली. "आठवडाभर माज्याच नावानं मला रडवलासा. मी कवा मागितलं? जलमभर दिलं, आता ह्या वयात मला हात पसरायला लावताय?" आणि ती दाराकडं निघाली.

मित्रांनो, ती त्या दारातून गेली असती तर पुन्हा आली नसती. हे तिथं प्रत्येकाला कळलं होतं. पत्र्याचं राहूच द्या, मंडळीतली हरणाबाईच गेली असती.

आप्पासो तिच्या आधी दारात पोचला आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसला.

"बाजूला हो, आप्पा."

"न्हाई होत. माजी बायकू गेली तवा मी हितं दार लावून घेतलं हुतं. तू माडगं घिऊन आलीस. मी म्हणालो, नगं. तू उंबऱ्यावर बसलीस. म्हणालीस, घेतल्याबिगर उठत न्हाई."

"मग?"

"मग काय? लय राग आला हुता तुजा. पर प्यालो. त्या दिसापासनं जेवाय लागलो." त्यानं मांडी आवळली. "आता मी बसलोय."

सोनियाबाई जाऊन त्याच्याशेजारी बसल्या. मग डाळिंबवाला बसला. मग मला काखेत मारून मानसिंगही बसला. दार पुरतं बंद झालं.

हरणाबाईनं आप्पासोच्या पायाकडं पाहिलं. "आप्पा, तुजा गुडघा धरंल."

"धरू दे."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "बरं. पर माजं एक हाय. पत्रं घालायचं तर म्होरं वाढवून घाला. मोठी पडवी पायजे. बुधवारची प्रार्थना माज्याकडं हुईल, आन च्या माजा."

"च्या आमी आनू की," सोनियाबाई म्हणाल्या.

"मग ठिवा तुमचं पत्रं तुमच्याकडं."

चहा तिचाच ठरला. लिलाव पुन्हा सुरू झाला आणि माझ्यावरची शेवटची बोली आप्पासोची ठरली. रीतीप्रमाणे तो मला साताऱ्याला नेऊन खाऊ शकत होता. त्यानं मला हरणाबाईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "धर. ह्यो आता शिजायचा न्हाई."

आता बुधवारी पडवीत दाटी होते. पहिल्या गाण्याचा सूर मी लावतो. तो बहुधा चुकतो, पण हरणाबाई म्हणते, "झ्याक." लोक सांगतात की त्या दिवशी भाव माझा नव्हता, तिचा होता. मी ऐकून घेतो. तुऱ्याचा थोडा वाटा असेलच.

मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या आसपासही कुणीतरी असेल, जे सगळ्यांच्या दारात काहीबाही घेऊन उभं राहतं. एकदा त्याच्या घरी जाऊन मान वर करा आणि छप्पर जागेवर आहे का ते बघा. त्याला विचारू नका. ते म्हणेल, "हाय की."