यादोराव बसले तेव्हा

मित्रांनो, तीन पाय धड आणि एक आखूड असा भंडाऱ्याच्या कोर्टातला जुना स्टूल मी. इतकी वर्षं शपथा ऐकल्यात, आता खोटं बोलायची सोयच उरलेली नाही.

लाखांदूरच्या एका सुताराने मला सागाच्या उरलेल्या फळ्यांतून घडवलं. १९७१ साली मी कोर्टात आलो आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ दुभाष्यासाठी ठेवला गेलो. दुभाषी म्हणजे यादोराव. एकोडीचे, धान पिकवणाऱ्या घरातले. आजोळ सालेकशाच्या जंगलपट्टीत, म्हणून गोंडी त्यांना लहानपणापासून यायची. एरवी ते जुन्या हिंदी कागदांचं मराठी करत बसायचे. गोंडी साक्षीदार आला की त्यांना हाक जायची.

पण काय सांगू, ज्याच्यासाठी मला आणलं तो माणूस माझ्यावर बसेचना! शिपाई टेकचंद एकदा वैतागला.

"यादोरावजी, बसा न. काहून उभे राहून राह्यले?"

"उभा असलो का मी साक्षीदार, टेकचंद. बसलो का यादोराव. साक्ष चालू असताना यादोरावचं इथं काय काम?"

खरंच होतं ते. साक्षीदार 'मी पाहिलं' म्हणाला की यादोरावही 'मी पाहिलं' असंच म्हणत. आरोपीचं बोलणंही तसंच सांगत. चहाच्या टपरीवर लोक त्यांना छेडायचे, "काय यादोरावजी, आज किती मुडदे पाडले?" ते हसायचे. पण शिवी आली तर शिवी, रडगाणं आलं तर रडगाणं, जसंच्या तसं पलीकडे पोचवायचं, हे काही हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं. संध्याकाळी त्यांचा घसा बसलेला असायचा. साहेब लोक त्यांची तारीफ करायचे आणि मलाही उगाच मोठेपणा वाटायचा.

१९७८ च्या उन्हाळ्यात सुकरामचा खटला उभा राहिला. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. तिथल्या मासोळीवरून भांडण झालं आणि कुणीतरी गोमाजी नावाच्या माणसाच्या डोक्यात काठी घातली. पोलिसांनी सुकराम या म्हाताऱ्या गोंडाला धरलं. "मी नाही मारलं," असं तो दर तारखेला सांगे, यादोराव ते मराठीत सांगत आणि कोणी विश्वास ठेवत नसे. काठी पडताना पाहणारी एकच होती, त्याच्या धाकट्या भावाची बायको धुरपता.

वकिलांनी तिला विचारलं, "काठी कोणी मारली?"

धुरपताने पदर पुढे ओढला आणि गोंडीत हळूच सांगितलं, भासऱ्याने. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याचं नाव बाईने तोंडातून काढायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. यादोरावांना ती ठाऊक होती. बिचारीला कोंडीत कशाला धरायचं, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी मराठीत सांगितलं, "माझा भासरा सुकराम, त्यानं मारली."

जजसाहेबांनी लिहून घेतलं. साक्ष संपली. आता ती बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवायची आणि अंगठा घ्यायचा, एवढंच उरलं.

यादोराव वाचताना 'सुकराम' आलं आणि धुरपता दचकली. तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. 'सुकराम नाही' असं म्हणायलाही ते नाव घ्यावंच लागलं असतं, आणि कोणी विचारल्याशिवाय साहेबांपुढे बोलायचं तरी कसं! टेकचंद शाईचं पॅड घेऊन उभा होता. सगळ्यांना जेवायची घाई. यादोरावांचा हात माझ्यावर टेकला. दुभाष्याला आपल्या मनाने प्रश्न विचारता येत नाही. गप्प राहिले असते तर सात वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं आणि सुकराम तुरुंगात गेला असता.

आणि यादोराव बसले. साहेबांसमोर, न विचारता, माझ्यावर.

"उठा, उठा!" टेकचंद कुजबुजला.

"साहेब, आता बोलतो तो मी, यादोराव. हे नाव बाईनं घेतलंच नाही. मी माझ्या मनानं घातलं. माझी चूक झाली."

माझा आखूड पाय लटपटत होता. साहेबांनी ते नाव खोडून बाजूला सही केली. "तिला विचारा, भासरे किती?" यादोराव उठून उभे राहिले, त्यांनी विचारलं आणि धुरपताचं उत्तर मराठीत आलं.

"दोन. हा समोर उभा आहे तो नाही. दुसरा. तो बाहेर वऱ्हांड्यात आमची भाकर घेऊन बसला आहे."

सुकरामला तिची गोंडी कळली होती. तो आरोपीच्या पिंजऱ्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दोन महिन्यांनी तो सुटला.

यादोरावांकडून लेखी खुलासा घेतला गेला. तारीफही थांबली. त्या संध्याकाळी ते माझ्यावर बसून टेकचंदला म्हणाले, "सात वर्षं लोकाईचं बोललो, बाबू. आपलं बोलाले एवढं जड जाते, ठाऊक नव्हतं."

१९८६ साली ते निवृत्त झाले. मला रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. अंगावर जुन्या कागदांचे बस्ते, पायाला वाळवी. नवा दुभाषी आला आहे म्हणतात. हुशार आहे, पण त्याच्याजवळ बसायला काही नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचा शब्द नेताना दयेपोटीसुद्धा त्यात आपलं काही घालू नका. आणि माझ्या पायाला एक पाचर ठोकून मला त्या पोराजवळ नेऊन ठेवा. आज ना उद्या त्याचीही चूक होईल. तेव्हा ती कबूल करायला त्याला बसायला जागा लागेल.