मिसळून राहिल्याचा पुरावा

वकीलबाईंनी फाईल उलटीपालटी केली आणि तोंड वाकडं केलं. "पगाराचे कागद आहेत, कर भरलाय, भाषेची परीक्षा झालीय. पण तुम्ही इथल्या नागरिकांत मिसळून राहता, याचा पुरावा कुठाय?"

"बारा वर्षं यांच्या संडासात हात घालतोय बाई. अजून किती मिसळू?"

बायकोनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तुंबलेले पाइप मोकळे करायचा धंदा त्याचा. सगळी वसाहत त्याला 'गटारवाला' म्हणायची, तोंडावरसुद्धा. वकीलबाई हसल्या नाहीत. नागरिकांसोबतच्या घरगुती प्रसंगांचे फोटो हवेत, म्हणाल्या, आणि एका नागरिकाची साक्ष, की मी याला ओळखतो, याच्या घरी माझं जाणं-येणं आहे. तेवढं जमत नसेल तर नागरिकत्वाचा अर्ज देऊच नका. एकदा फेटाळला की पुढं कैक वर्षं दार बंद.

परतताना बायकोनं रस्ताभर एकच धोशा लावला. "पोरीला कॉलेजात घालायचंय. नागरिक नसलो तर तिला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. तुमच्या जिभेला जरा लगाम घाला."

मग पोरीचा वाढदिवस दोन महिने अलीकडे ओढला. पोरगी म्हणाली, "सरकारसाठी आधीच म्हातारी होऊ का मी?" तरी फुगे तिनंच फुगवले. बायकोनं कामावर खाडा करून केक केला, त्यावर गुलाबी क्रीमनं पोरीचं नाव काढलं.

संध्याकाळी इमारतीतले पाचसहा जण आले. तो एकेकाकडे बघत होता. या माणसांना तो चेहऱ्यानं कमी आणि पाइपानं जास्त ओळखायचा. ही केसांचे बोळे सोडणारी. हा बेसिनमध्ये तेल ओतणारा आणि वर 'तूच नीट साफ केलं नाहीस' म्हणून कांगावा करणारा. यांच्या न्हाणीघरांत तो शेकडो वेळा गेला होता. बैठकीच्या खोलीत बसायला एकदाही नाही.

इमारतीच्या समितीच्या अध्यक्षानं तर कहर केला. खुर्चीवर आधी रुमाल अंथरला, मग टेकला. आणि साक्ष नेमकी त्याचीच घ्यायची होती. फोटोच्या वेळी बायको म्हणाली, "साहेब, यांच्या खांद्यावर हात ठेवा ना." अध्यक्षानं हात नेला आणि खांद्याच्या बोटभर वर हवेत धरून ठेवला. फोटोत अगदी गळ्यात गळा घातल्यासारखा दिसला.

"काय गटारवाले, हात धुतलेत ना?" कुणीतरी टोमणा मारला. सगळे खो खो हसले. तोही हसला. त्या आपल्या हसण्याची त्याला इतकी किळस आली की जीभ खरवडून काढावीशी वाटली.

अध्यक्षानं केक खाल्ला नाही. पोट भरलंय म्हणाला. मोठा तुकडा कागदी रुमालांत गुंडाळून घेतला. "घरी हिला आवडतो. आणि तो साक्षीचा कागद आणा इकडे, आजच भरून ठेवतो." बायको नुसती हरखून गेली. कागद घेऊन अध्यक्ष वर आपल्या घरी गेला.

तासाभरात अध्यक्षाचा फोन. "अरे, लगेच वर ये. संडास तुंबून वर आलाय."

तो नव्या सदऱ्यावरच गेला. अध्यक्ष नाक दाबून दारात उभा. यानं तार आत घातली, फिरवली, ओढली. आधी आला भिजून फुगलेल्या कागदाचा लगदा. तो फाटला आणि आतून केक निघाला. मूठभर, घाणीत लडबडलेला. एका कडेला गुलाबी क्रीम अजून शाबूत होतं, त्यात पोरीच्या नावाचं पहिलं अक्षर.

"मुलांनी टाकलं असेल," अध्यक्ष म्हणाला. त्याच्या घरात मुलंच नव्हती.

आतून अध्यक्षाची बायको ओरडली, "अहो, त्याला म्हणावं आटप लवकर. आणि तुम्ही नाही ना खाल्लंत त्यांच्या हातचं काही?"

तो तार टाकून उठला. "कागद वाचून दाखवा."

अध्यक्षानं घाईघाईनं वाचलं. "आमचा घरोबा आहे. आजच मुलीच्या वाढदिवसाला गेलो, केक खाल्ला." खाली सही.

"खोडा ते."

"काय?"

"खाल्ला नाहीत ना? मग खोडा. खोटी साक्ष गुन्हा आहे, खालीच छापलंय."

"अरे शहाण्या, तुझ्याच भल्यासाठी लिहिलंय!"

"माझं भलं आत्ताच तुमच्या संडासातून ओढून काढलं साहेब. लिहा, संडास तुंबला की याला बोलावतो. तेवढंच खरं आहे."

"अर्ज फेटाळतील."

"फेटाळू द्या. लिहा. नाहीतर हा केक तुमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवतो."

अध्यक्षानं लिहिलं.

खाली बायकोनं कागद वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हे जोडलं तर गेलं सगळं! पोरीचा तरी विचार करायचात! काय मिळवलंत एवढं?"

"वर काय तुंबलं होतं ते विचार."

"काय?"

"तुझा केक."

पोरगी फुगा हातात धरून तशीच उभी राहिली. मग बायकोनं फाईल ओढली आणि तो कागद सगळ्यात वर लावला.

"वकीलबाई ओरडतील," तो म्हणाला.

"ओरडू देत. काय व्हायचं ते होऊ दे." तिनं फाईलची दोरी करकचून बांधली. "फोटो मात्र एकही जोडायचा नाही. ती तोंडं माझ्या पोरीच्या कागदांत नकोत."