वीस मिनिटं विटा लावायच्या

आमचा धाकटा भाऊ पंचेचाळिशीचा, धंद्याने न्हावी, आणि औषध म्हणून व्हिडिओ गेम खेळतो. हसा, मीही हसले होते. दारू सोडवायच्या केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं, तलफ आली की वीस मिनिटं वरून पडणाऱ्या विटा लावायच्या. हात आणि डोकं दोन्ही गुंततात, तेवढ्यात तलफ ओसरते. मी म्हटलं, "अगं बाई! आम्ही शपथा घातल्या, बाटल्या फोडल्या, आणि उपाय निघाला हा?"

पण तीन महिने झाले, पठ्ठ्या थेंबाला शिवला नाही. रोज सातला दुकानाचं शटर ओढून माझ्याकडे येतो आणि टीव्हीसमोर मांडी ठोकून बसतो. विटांची रांग पुरी होऊन गायब झाली की हवेत असा हात फिरवतो, जणू गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकतोय. मी विचारते, "झाली का रे टीव्हीची दाढी?"

आता लाज सोडून सांगते. दुपारी घर रिकामं असलं की मीही खेळायला लागले. परवा असा रंग चढला की सात कधी वाजले कळलंच नाही. हा चपला न काढताच आत आला.

"ताई, दे इकडे."

"थांब रे, पाचच मिनिटं."

"ताई, दे ना!"

"जिंकतेय मी! लहानपणापासून तुला दम म्हणून नाहीच."

मग त्याचे हात दिसले. लटलट कापत होते. मेली मी, कसला खेळ घेऊन बसले होते! रिमोट त्याच्या हातात दिला, तर तो त्याला धरवेना.

"तूच खेळ, मी सांगतो," म्हणत तो मला खेटून बसला. "डावीकडे! अगं डावीकडे! आंधळी आहेस का? आडवी कर ती!"

"ओरडू नकोस, मेल्या!"

अर्धा तास आम्ही कचाकचा भांडत खेळलो. हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

"जुना दोस्त दुकानात बाटली ठेवून गेला," तो म्हणाला. "मी उघडली."

मी बटणं सोडली. "प्यायलास?"

"बेसिनमध्ये ओतली. हातावर उडाली. चारदा धुतले, तरी वास जात नाही गं."

इतकी वर्षं दारात अडवून मी त्याचं तोंड हुंगत आले, चोर पकडल्यासारखी. आज त्याने आपणहून दोन्ही हात माझ्या नाकाशी धरले.

"दाढीचा साबण आहे रे, वेड्या," मी म्हटलं. "नुसता साबण." आणि त्याच हातांत तोंड खुपसून मी रडले.